हिशेब कुणापुढे मांडायचा?

कारी गावचे रंगो बापूजी गुप्ते 1840 साली लंडनला पोचले ते धन्यासाठी न्याय मागायला. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांवर गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा ठपका ठेवून कंपनी सरकारने 1839 च्या सप्टेंबरात त्यांना गादीवरून उतरवलं आणि काशीला धाडलं. आपली बाजू मांडायची रीतसर संधी महाराजांना मिळालीच नाही. रंगो बापूजी तेरा वर्षं लंडनमध्ये खेटे घालत राहिले. कंपनीच्या भागधारकांसमोर बोलले, छापील निवेदनं वाटली, पार्लमेंटच्या सभासदांना गाठलं. मधल्या काळात, 1847 मध्ये महाराज काशीला वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने वारस नाही म्हणून सातारा खालसा केला. रंगो बापूजी 1853 च्या सुमारास परतले तेव्हा त्यांचं राज्यच उरलं नव्हतं. पुढे 1857 च्या 8 सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.

सातारा-सांगलीत राजकारणावरचा वाद रंगला की तो दोन वाटांनी जातो. एक म्हणते, इंग्रज लुटारू होते, आजचं सगळं कुजकेपण त्यांच्यामुळेच. दुसरी, बहुधा म्हाताऱ्या माणसांची, म्हणते की इंग्रजांच्या राज्यात निदान शिस्त होती, पैसे खाल्ले जात नव्हते. दोन्ही वाटा मला अपुऱ्या वाटतात. इंग्रजी राज्याचा खरा वारसा रंगो बापूजींच्या त्या तेरा वर्षांत आहे. कारभार साताऱ्यात आणि जाब विचारायचा लंडनमध्ये. अधिकाऱ्याने वरच्याला हिशेब द्यायचा, खालच्याला नाही. राज्य बदललं तरी ही दिशा आपण बदलली नाही, आणि भ्रष्टाचाराचं मूळ मला तिथेच दिसतं.

शिस्तीच्या गोष्टीबद्दल आधी बोलायला हवं, कारण ती फार पसरली आहे. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबई इलाख्याच्या मध्य विभागाचा कमिशनर. सातारा जिल्हा त्याच्याच विभागात. त्याच्या नावाने हस्तक मामलेदारांकडून बढतीसाठी, सोयीच्या बदलीसाठी पैसे घेतात, असा बोभाटा झाला आणि 1888 मध्ये चौकशी आयोग बसला. साक्षी द्या, तुम्हाला अभय देतो, असं सरकारने मामलेदारांना सांगितलं. त्यांनी पैसे दिल्याचं कबूल केलं. आयोगाने क्रॉफर्डला लाचेच्या आरोपातून सोडलं, हाताखालच्यांकडून कर्ज घेतल्याचा ठपका तेवढा ठेवला, आणि त्यावरून त्याची नोकरी गेली. मग ओरड सुरू झाली ती कबुली देणाऱ्या मामलेदारांविरुद्ध, आणि दिलेलं अभय बाजूला ठेवून त्यांतल्या काहींना घरी बसवलं गेलं. टिळक त्या मामलेदारांच्या बाजूने उभे राहिले. बदलीचा दर, मधला माणूस, वरचा सुटतो आणि खालचा अडकतो: हे सगळं सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच इथे पुरतं रुजलेलं होतं.

त्याच्याही आधी, 1883 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. गोरा साहेब ऐषआरामात, त्याच्या नावावर खालचा कामगार शेतकऱ्याला नागवतो आणि शेतकऱ्याची कैफियत कुठेच पोचत नाही, हे त्यांनी कचेरीच्या बारीकसारीक तपशिलासह मांडलं. परक्या राज्याबरोबर त्यांनी आपल्यातल्या मधल्या थरालाही सोडलं नाही. आजच्या वादात नेमका हाच थर गळतो, कारण त्यात आपले नातेवाईक असतात.

आणि आगरकर. कराडजवळच्या टेंभूचे. कोल्हापूरच्या दिवाणाविरुद्ध छापलं म्हणून 1882 मध्ये ते आणि टिळक डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. कारभाऱ्याबद्दल लिहिणाऱ्यावर खटला भरायचा, ही रीत तेव्हापासूनची. टेंभूकडे पुन्हा यावं लागेल, वेगळ्या कारणाने.

आता 1942 ची चले जाव चळवळ. सप्टेंबरच्या 3 तारखेला तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला. 9 तारखेला वडूजला आणि 10 तारखेला इस्लामपूरला मोर्च्यांवर गोळ्या सुटल्या. वडूजला परशुराम घार्गे हाती तिरंगा असताना पडले. लोक चालून गेले ते मामलेदार कचेरीवर, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. खेड्यातल्या माणसाचं सरकार म्हणजे ती कचेरी. वसुली तिथे, दाखला तिथे, अपमानही तिथेच.

पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं. नाना येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे, नागनाथ अण्णा नायकवडी वाळव्याचे, किसन वीर वाईकडचे. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी रोकड ताब्यात घेतली. 14 एप्रिल 1944 ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सुमारे साडेपाच लाखांचा खजिना उचलला. या थरारक गोष्टी आपण पोवाड्यांतून ऐकल्या. मला अधिक मोलाची वाटते ती गावागावांत बसणारी न्यायदान मंडळं. जमिनीचा बांध, सावकाराचा कागद, नवऱ्याने टाकलेली बाई, असे तंटे देवळासमोर किंवा चावडीत, सगळ्या गावादेखत चालत. वकील नाही, स्टॅम्प नाही, पुढची तारीख नाही. वादी आणि प्रतिवादी दोघेही गावाच्या ओळखीचे, त्यामुळे खोटी साक्ष देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर तोंड दाखवायचं असे. धान्य, कापड यांच्या वाटपावरही गावाची नजर राही. थोड्या पैशांत गांधी पद्धतीची लग्नं लागली, वाचनालयं निघाली.

या राज्याची काळी बाजूही आहे, आणि ती लपवणं म्हणजे त्या माणसांचा अपमान आहे. पायाच्या तळव्यांवर मारायची शिक्षा इतकी गाजली की ‘पत्री सरकार’ हेच नाव लोकांच्या तोंडी बसलं. गुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांच्यावर वचक बसला हे खरं, पण अशा शिक्षेला अपील नसतं. गांधीजींच्या मार्गात हे बसतं का, हा वाद तेव्हाच कार्यकर्त्यांत झाला. तरी लोकांनी ते सरकार जवळपास तीन वर्षं पोसलं, लपवलं, कारण त्याचा कारभार त्यांच्या डोळ्यांपुढे चालत होता.

स्वातंत्र्य आलं. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. माणसं बदलली, कायद्याची पुस्तकं बहुतेक तीच राहिली. एकच उदाहरण घेतो. 1879 च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचं कलम 37 सांगे की ज्या जमिनी, नद्या, नद्यांची पात्रं कुणाच्या मालकीची नाहीत ती सरकारची. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत तेच तत्त्व कलम 20 म्हणून आलं. कागदावर निरुपद्रवी दिसणाऱ्या या वाक्याचा अर्थ येरळेकाठच्या लोकांना ऐंशीच्या दशकात कळला.

खानापूर तालुक्यातली येरळा उन्हाळ्यात कोरडीठाक. पात्रात वाळू उरते आणि तीच पाणी धरून ठेवते. ठेकेदार लिलावात वाळू घेऊन ट्रक भरून नेत आणि आजूबाजूच्या विहिरी खाली जात. बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीबरोबर ठरवलं की वाळूचा थोडा भाग आपणच विकायचा आणि त्या पैशातून धरण बांधायचं. सरकार आडवं आलं: वाळू सरकारची, तिला हात लावायचा तर परवानगी घ्या. ठेकेदाराला विकताना अडचण नव्हती, नदीकाठच्या गावाला विकू देताना अडचण होती. लोक हटले नाहीत. अभियंता के. आर. दाते यांनी तांत्रिक बाजू सांभाळली, बायाबापड्यांनी श्रमदान केलं, आणि बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. पाणी वाटताना नियम असा की भूमिहीनासकट प्रत्येक घराला सारखा वाटा. वाळू किती विकली, पैसे किती आले, सिमेंट किती लागलं, हे त्या दोन गावांत ज्याला विचारावं त्याला ठाऊक होतं. अशा कामात पैसे खायचे कुठून?

आता हेच मोठ्या योजनांशी ताडून पाहा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यायचं ठरलं. त्यासाठी 1993 पासून आटपाडीत पाणी परिषदा भरल्या. नागनाथ अण्णा, भारत पाटणकर, सांगोल्याचे गणपतराव देशमुख यांनी तेरा तालुक्यांचे लोक जमवले आणि समन्यायी वाटपाची मागणी धरली. ती चळवळ नसती तर हे पाणी कागदातच राहिलं असतं. 1996 मध्ये कृष्णा खोरे महामंडळ आलं, कर्जरोखे आले, कंत्राटं निघाली आणि खर्चाचे आकडे सुधारित मान्यतांनी चढत गेले. टेंभू हे नाव आता आगरकरांपेक्षा पंपगृहांमुळे लोकांना ठाऊक आहे. पाणी आलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. आटपाडीच्या डाळिंबाला, कडेगावच्या उसाला विचारा. पण किती वर्षांनी आणि किती पैशांत, या प्रश्नाचं उत्तर गावात कुणालाच देता येत नाही.

2012 मध्ये हाच प्रश्न राज्यभर विचारला गेला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचनातल्या गैरप्रकारांबद्दल पत्र लिहिलं. आर्थिक पाहणी अहवालातल्या आकड्यांवरून दिसलं की दहा वर्षांत सुमारे 70,000 कोटी खर्चूनही सिंचित क्षेत्राची टक्केवारी 0.1 नेच वाढली. सरकारने हा आकडा मानला नाही. मुख्यमंत्री कराडचे पृथ्वीराज चव्हाण. श्वेतपत्रिका निघाली, उपमुख्यमंत्र्यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते परत आले. माधव चितळे यांच्या समितीचा अहवाल 2014 मध्ये आला. विदर्भातल्या प्रकल्पांबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने 2019 मध्ये राजीनामा देऊन परतलेल्या त्याच नेत्याला जबाबदार धरता येत नसल्याचं उच्च न्यायालयात सांगितलं. कोण दोषी हे ठरवायला न्यायालय आहे. माझी तक्रार वेगळी आहे: ही सगळी कागदपत्रं मुंबई-नागपुरात फिरली, आणि ज्याच्या बांधावर कालवा अर्धवट राहिला त्याला त्यातलं एक पानही कुणी वाचून दाखवलं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचं दुखणं इथेच आहे. 2012 मध्ये तिथल्या सीमेवरच्या गावांनी पाणी देत नसाल तर कर्नाटकात जातो असे ठराव केले. दहा वर्षांनी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा आधार घेऊन दावा सांगितला, तेव्हा महाराष्ट्र खडबडून जागा झाला आणि विस्तारित म्हैसाळ योजनेला गती आली. मराठी अस्मितेची भाषणं झाली. मला त्या ठरावांत मराठीपणाचा अभाव दिसत नाही, आपल्याच सरकारला जाब विचारायचे सगळे मार्ग थकल्याची खूण दिसते.

सहकाराचंही तेच झालं. वाळव्याचा हुतात्मा किसन अहिर कारखाना नागनाथ अण्णांनी काटकसरीने चालवून चांगला दर दिला, तेव्हा शेजारच्या कारखान्यांना आपल्या सभासदांना उत्तरं द्यावी लागली. उलट कोरेगावचा जरंडेश्वर साखर कारखाना 2010 मध्ये राज्य सहकारी बँकेने लिलावात काढला, 2021 मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्याच्या मालमत्तेवर टाच आणली, आणि ज्यांच्या शेअरवर तो उभा राहिला ते ऊस उत्पादक या सगळ्यात बघेच राहिले.

साधनं आपल्या हातात आहेत. 2005 पासून माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा आहे, जरी 1923 चा गोपनीयता कायदा अजून पुस्तकातून गेलेला नाही. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक साधा अर्ज, तीस दिवसांची मुदत, मग पहिलं अपील. कलम 4 तर सांगतं की बरीच माहिती कुणी मागायच्या आधीच कार्यालयाने जाहीर करावी. दिवाळीची सुट्टी संपवून शहराकडे परतण्याआधी वाचकांनी एक काम करावं. आपल्या गावच्या रस्त्याची, पाणीपुरवठ्याची किंवा कालव्याच्या पोटचारीची मोजमाप पुस्तिका आणि अंदाजपत्रक यांच्या नकला मागाव्यात, आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत त्या मोठ्याने वाचून दाखवायला सांगावं. एकट्याने अर्ज करायची धास्ती वाटत असेल तर पाचदहा जणांनी मिळून, ज्याने त्याने आपापल्या नावाने करावा.