विमान उशिरा सुटलं, तर मागायचं काय?

अडीच वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या आम्ही चौघी गोधड्या घेऊन दिल्लीच्या एका प्रदर्शनाला निघालो. लोहगावहून रात्री नऊला सुटणारं विमान सुटलं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला. रात्रभर ‘अजून एक तास’ एवढंच ऐकत होतो. खायला काय, तर बिस्किटांचा एकेक पुडा आणि पाणी. दिल्लीत गाळा मांडेपर्यंत दुपार झाली, भाडं मात्र पूर्ण दिवसाचं गेलं. आम्ही कंपनीकडे काही मागितलं नाही, कारण काही मागता येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

आता उलटा गैरसमज दिसतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं देशभर रद्द झाली, पुण्यातूनही झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीकडे तेवढे वैमानिक नव्हते. त्या वेळी पाच ते दहा हजार रुपये भरपाईच्या बातम्या आल्या आणि ‘विमान लेट झालं की पैसे मिळतात’ असं अनेकींनी धरून ठेवलं. तसं नाही बरं का! ते पैसे विमान आयत्या वेळी रद्द झालं तर. नुसत्या उशिरासाठी आपल्या देशातल्या नियमांत ठरावीक रक्कम नाही.

मग काय आहे? विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०१० साली नियम केले आणि पुढे ते सुधारले. पुणे-दिल्लीसारखा अडीच तासांच्या आतला प्रवास असेल आणि उशीर दोन तासांचा होणार असेल, तर खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. लांबच्या प्रवासाला ही मर्यादा तीन-चार तासांची होते. उशीर सहा तासांहून जास्त होणार असेल, तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यातलं काय हवं ते प्रवाशाने निवडायचं. आणि विमान रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटायचं असेल व उशीर सहा तासांवर जाणार असेल, तर हॉटेलात खोली आणि तिथवर जाण्या-येण्याची सोयसुद्धा, फुकट. म्हणजे आम्ही चौघी ज्या रात्री लोखंडी खुर्च्यांवर पाठ मोडून बसलो होतो, त्या रात्री खोली मागायला हवी होती. अट एवढीच, की आपण वेळेत चेक-इन केलेलं असावं.

पण उशीर का झाला, हे कळीचं. धुकं, पूर, दंगल, संप, हवाई वाहतूक नियंत्रणाचा आदेश अशी कारणं असतील तर कंपनी जबाबदारीतून सुटू शकते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात लख्ख ऊन असतं आणि विमान येत नाही, कारण ते दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं असतं. अशाच धुक्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितलं, की धुक्यासाठी भरपाई नाही. पण तिकीट स्वस्त आहे म्हणून अडकलेल्या प्रवाशांना उपाशी ठेवता येणार नाही. २०२१ साली रेल्वेच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने असंही म्हटलं, की उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेनेच सिद्ध करायचं. त्या कुटुंबाची गाडी चार तास उशिरा पोचली, जम्मूहून पुढचं विमान चुकलं आणि रेल्वेला टॅक्सीचा व बुकिंगचा खर्च द्यावा लागला.

म्हणून काउंटरवर भांडण्यापेक्षा कारण लेखी मागा. दिलं नाही तर घोषणेच्या फलकाचा फोटो काढा, कंपनीचे मेसेज पुसू नका. बोर्डिंग पास पर्समध्ये चुरगळून टाकायची आपली सवय इथे नडते! आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करायचा, मग सरकारच्या ‘एअरसेवा’वर तक्रार नोंदवायची. तिथेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते; कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे का असेना, पुणेकरणीने पुण्यातच करावी. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. विचारायचं असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. मुदत मात्र दोन वर्षांची. आमची गेली.

मुला-नातवंडांकडे जर्मनीला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. परतीचं विमान युरोपातून सुटत असेल, तर कंपनी कुठल्याही देशाची असो, युरोपचा नियम लागू होतो. तीन तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि चूक कंपनीची असेल, तर भारतापर्यंतच्या अंतराला ६०० युरो मागता येतात. जाताना मात्र विमान युरोपीय कंपनीचं असलं तरच.

आणि तिकीट भाच्याने किंवा एजंटाने काढलं असेल, तर त्यावर मोबाइल नंबर कोणाचा घातलाय ते आजच बघा. प्रवाशाचा संपर्क नीट दिलेला नसेल तर रद्द झालेल्या विमानाचीही भरपाई नाकारता येते, असं त्याच नियमांत लिहिलं आहे. आमच्या चौघींच्या तिकिटांवर नंबर एजंटाचा होता. ‘विमान उशिरा आहे’ हा मेसेज त्याला आला, आणि तो झोपला होता.