सुईच्या टोकावर पाच लाख हेलकावे

सोयाबीनच्या दिवसांत लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या नव्या मोंढ्यात गेलात, तर हमालकाकांकडे नीट बघा. पन्नास किलोंचा कट्टा पाठीवर घ्यायचा, वाकून चालायचं, अंगाला पीळ देऊन थप्पीवर टाकायचा, की लगेच पुढचा. तिकडे रानात खुरपणाऱ्या मावश्या दिवसभर वाकलेल्या. मग घरोघरी ऐकू येतं, "कंबर लई धरलीय!"

बहुतेकांची कंबर काही आठवड्यांत सुटते. पण काहींची महिनोन्महिने दुखत राहते. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाला, तरी उतार नाही. अशांपैकी काहींसाठी डॉक्टरांकडे एक अफलातून उपाय आहे.

आधी तुमचा हात मागे कंबरेवर न्या. मधोमध टेंगळं लागली ना? ती मणक्यांची मागची टोकं. कंबरेत असे पाच मणके. टेंगळांच्या दोन्ही बाजूंना, खोल आत, वरचा मणका खालच्याला जिथं भिडतो तिथं छोटे छोटे सांधे असतात. मागं झुकलं किंवा पीळ दिला की त्यांच्यावर ताण येतो. वय वाढतं तसे ते झिजतात, सुजतात. त्यांचं दुखणं वर कळवतात अगदी बारीक मज्जातंतू, जाडीला जेमतेम मिलिमीटरभर. एकेका सांध्याला दोन-दोन. हे तंतू गप्प केले, तर सांधा तसाच राहील, पण त्याची तक्रार मेंदूपर्यंत पोचणार नाही.

पण दुखणं नक्की याच सांध्याचं कशावरून? म्हणून डॉक्टर आधी त्या तंतूंपाशी बधिर करणारं औषध टोचतात. काही तास दुखणं पळालं, तर चोर सापडला. नाही पळालं, तर हा उपाय करायचाच नाही. मला ही सावधगिरी फार आवडते.

मग खरं काम. रुग्ण पालथा झोपलेला, बहुतेक वेळा जागाच. पडद्यावर क्ष-किरणांचं चित्र बघत डॉक्टर एक लांब सुई मणक्याच्या कडेला नेतात. सुईला वीजरोधक आवरण असतं, फक्त टोक उघडं. त्यातून ते वीज सोडतात. तीही तीन वेगांनी!

पहिल्यांदा सेकंदाला ५० हेलकावे. आपल्या घरातल्या विजेचा वेगही तोच, पण घरातली वीज २३० व्होल्टची. सुईतली अर्ध्या व्होल्टच्या आसपास. (बोर्डाला हात लावून बघायचं नाही, सांगून ठेवते!) "कंबरेत तिथंच मुंग्या आल्या," असं रुग्ण म्हणाला की सुई तंतूजवळ पोचली. मग सेकंदाला २ हेलकावे. आता सगळे पायाकडे बघतात. पाय उडाला, तर सुई पायाच्या मोठ्या मज्जातंतूजवळ आहे, ती हलवायलाच हवी. पाय शांत राहिला, तर पुढे जायचं.

आणि मग सेकंदाला तब्बल पाच लाख हेलकावे! मराठवाड्यानं वर्षानुवर्षं ऐकलेली परभणी आकाशवाणी मीडियम वेव्हवर १३०५ किलोहर्ट्झला लागायची, म्हणजे सेकंदाला तेरा लाख पाच हजार. सुईतली वीज याच रेडिओच्या पट्ट्याच्या जवळपास जाते.

इतक्या वेगवान विजेचा झटका कसा बसत नाही? झोका आठवा. त्याला एका क्षणात हजारदा पुढं-मागं ढकललं, तर तो जागचा हलेल का? मज्जातंतूचंही तसंच. त्याला एक संदेश उठवायला साधारण सेकंदाचा हजारावा भाग लागतो, आणि ही वीज सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात दिशा बदलते. तंतूला प्रतिसाद द्यायला फुरसतच नाही. आर्सेन दार्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या हे १८९१च्या सुमाराला लक्षात आलं होतं: खूप वेगवान वीज शरीरातून गेली, तर स्नायू आखडत नाहीत, फक्त ऊब जाणवते.

ती ऊबच इथं कामाला येते. गंमत अशी की सुई स्वतः तापतच नाही! टोकाभोवतीच्या ऊतींमधल्या पाण्यात सोडियम, क्लोराइडचे भारित कण असतात. विजेबरोबर ते थरथरतात, एकमेकांवर घासतात, आणि ऊतीच तापते. सुई गरम होते ती उलट ऊतीमुळे. टोकातला तापमापक ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की मिनिट-दीड मिनिट तो तिथंच राखायचा. तेवढ्यात टोकापाशी असलेला तंतूचा लहानसा तुकडा निकामी होतो. मग पुढचा तंतू. ती जागा आधीच बधिर केलेली असल्यानं भाजल्याचं दुखत नाही, आणि रुग्ण सहसा त्याच दिवशी घरी जातो.

म्हणजे तंतू कायमचा गेला? छे! तो हळूहळू पुन्हा वाढतो. त्यामुळे आराम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो, काहींना त्याहून जास्त. तेवढ्या काळात दुखणं कमी असतं, म्हणून आधी जमत नसलेले पाठीचे आणि पोटाचे व्यायाम करता येतात. दुखणं परतलंच, तर डॉक्टर पुन्हा सुई हातात घेतात: आधी ५०, मग २, आणि मग पाच लाख.