मांजराची शुगर आणि आजीची सिरिंज

दुधनीत भुसार बाजार आहे, तुरीची पोती आहेत, पोत्यांमागे उंदीर आहेत आणि उंदरांमुळे मांजरं आहेत. गोदामात शिकारीवर जगणाऱ्या सडपातळ मांजराला मधुमेह क्वचित होतो. तो गाठतो घरातल्या पलंगावर हक्काने लोळणाऱ्या, नसबंदी झालेल्या, सात-आठ वर्षं ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या बोक्याला. असा बोका पाण्याच्या भांड्यापासून हलत नाही, ढीगभर मुततो, सपाटून खातो आणि तरी वाळत जातो. काही तर मागचे घोटे जमिनीला टेकवून चालू लागतात.

रक्त-लघवी तपासून निदान झालं की घरातला प्रत्येक जण डॉक्टर होतो. साहजिक आहे. घरोघरी कुणाला तरी शुगर असतेच आणि पथ्यं, गोळ्या, सुया सगळ्यांना पाठ असतात. बहुतेक गैरसमज या माहितीतूनच निघतात, कारण ही सगळी माहिती माणसाची असते.

पहिला शेरा ठरलेला: ‘पेढे खाल्ले असतील.’ मांजराला गोड चवच कळत नाही. गोडी ओळखणाऱ्या संवेदकाचं एक जनुक मांजरवर्गात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली संशोधकांनी दाखवून दिलं. पेढा चाटतं ते त्यातल्या खव्याच्या स्निग्धतेसाठी. आजाराचं मूळ लठ्ठपणात असतं. चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं आणि स्वादुपिंड थकतं. खाजेसाठी वारंवार दिलेली स्टेरॉइडची इंजेक्शनंही हेच करतात.

आहाराचा प्रश्न आपल्या भागात जरा नाजूक आहे. दूध-भाकरी हे मांजराचं ठरलेलं जेवण, आणि ‘ज्वारी शुगरला चांगली’ हे प्रत्येकाच्या तोंडी. माणसाला गव्हा-तांदळाऐवजी ज्वारी, इथवर ठीक. मांजर मात्र अस्सल मांसाहारी प्राणी. त्याच्या शरीराची घडण प्रथिनांवर चालण्याची आहे, पिष्टाचा मोठा घास त्याला पेलवत नाही. दुकानातल्या कोरड्या दाण्यांतही पिष्ट बरंच असतं. मासे, कोंबडी किंवा कमी पिष्टाचं ओलं तयार खाद्य हे खरं पथ्य. शाकाहारी घरात यावरून वाद होणार. तो मिटवणं माझ्या हातात नाही, पण बोक्याला कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड भरवून तो मिटत नाही एवढं नक्की. शिवाय इन्सुलिन सुरू असताना आहार एका रात्रीत बदलू नये. पिष्ट कमी झालं की इन्सुलिनची गरजही झपाट्याने घटते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावं.

सगळ्यात धोकादायक गैरसमज फ्रिजच्या दारात असतो. आजीची बाटली तिथे आहेच, सुयाही आहेत, मग ‘त्यातलंच एक युनिट टोचू’. आजीच्या बाटलीत बऱ्याचदा 30/70 मिश्र इन्सुलिन असतं. मांजरासाठी डॉक्टर सहसा ग्लार्जिनसारखं लांब पल्ल्याचं इन्सुलिन लिहितात. एकाचं काम दुसरं करत नाही. पण खरी मेख सिरिंजची आहे. आपल्याकडे अजूनही प्रामुख्याने दोन तीव्रतांची इन्सुलिनं विकली जातात: एका मिलिलिटरमध्ये 40 युनिटची आणि 100 युनिटची. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या. 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. ग्लार्जिन सहसा 100 चं असतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ‘1’ च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत एक नव्हे, अडीच युनिटं जातात. चार किलोच्या बोक्याची सुरुवातच बहुधा बारा तासांनी एक युनिट अशी असते, तिथे अडीच म्हणजे जिवाशी खेळ. उलटी चूक वरकरणी सौम्य दिसते. 40 चं इन्सुलिन केशरी सिरिंजमध्ये भरलं की ‘1’ वर फक्त 0.4 युनिट येतं. शुगर उतरत नाही, म्हणून डोस वाढतो, आणि एखाद्या दिवशी मेडिकलवाला बरोबर सिरिंज देतो. त्या दिवशी घात होतो. म्हणून टोपणाच्या रंगावर विसंबू नका. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा छापील आकडा जुळवून मगच इन्सुलिन ओढा. डोस इतका लहान असतो, की अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली 0.3 मिलिलिटरची सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी.

‘घरी रक्त तपासायचं? ओरबाडून काढेल!’ हेही ऐकू येतं. प्रत्यक्षात इन्सुलिनच्या सुईपेक्षा लोकांना हीच धास्ती जास्त असते. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कोमट कापडाने कान मिनिटभर शेकायचा, कडेवर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर लावायचा म्हणजे रक्त केसांत न पसरता थेंब धरतं, कानामागे कापसाची घडी ठेवायची आणि टोचायचं. थेंब मोहरीएवढा पुरतो. लगेच आवडीचा घास दिला की आठवड्या-दोन आठवड्यांत बरीच मांजरं निमूट बसतात.

माणसाचं ग्लुकोमीटर चालतं का? चालतं, पण ते मांजराची शुगर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवण्याकडे झुकतं. माणसाच्या रक्तातली साधारण 58 टक्के साखर द्रवभागात असते, मांजराची 93 टक्के. यंत्र माणसाच्या हिशेबाने जुळवलेलं असतं. म्हणून यंत्र बदलत राहू नये आणि कोणतं वापरता ते डॉक्टरांना सांगावं.

घरच्या तपासणीची खरी किंमत प्रवासात कळते. छोट्या प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा तर दुधनीकरांना सोलापूर नाहीतर कलबुर्गी. टोपलीत कोंबून, गाडीच्या धडधडीत नेलेल्या मांजराची शुगर नुसत्या भीतीने 300 च्या वर जाऊ शकते, मधुमेह नसला तरी! त्या आकड्यावर डोस वाढवला तर घरी आल्यावर शुगर कोसळते. घरी दर दोन तासांनी, बारा तास घेतलेल्या नोंदींचा कागद डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतो. फ्रुक्टोसामाइनची चाचणीही असते. ती मागच्या साधारण दोन आठवड्यांचा अंदाज देते आणि भीतीने फुगत नाही. एका आकड्यावरून घरच्या घरी डोस वाढवू नये. बदल केला तरी त्याचा परिणाम ठरायला पाच-सात दिवस लागतात. एक सुई चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायची नाही. औषध आत गेलं की केसांतच सांडलं असा संशय आला, तरी पुन्हा टोचायचं नाही.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि वीज जाते. उन्हाने बिघडलेलं इन्सुलिन दिसायला अनेकदा चांगल्यासारखंच असतं, त्यामुळे ‘रंग बदलला नाही, म्हणजे चालेल’ हा हिशेब फसवा. फ्रिजच्या कप्प्यात 2 ते 8 अंश ही त्याची जागा. बर्फाच्या खणात गोठलं तर फेकून द्यायचं. वीज गेलीच तर कोरड्या डबीत बाटली घालून ती ओलसर माठाच्या गारव्यात काही तास निभावते.

आणि ‘शुगर जितकी कमी तितकी बरी’? मांजराला उंच शुगर आठवड्यांत पोखरते, खाली गेलेली तासाभरात मारू शकते. 60 च्या खाली आकडा, झोकांड्या, भेदरलेली नजर, थरथर दिसली तर आधी खायला द्या. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरडीला चोळा. झटके येत असतील तर दातांमध्ये बोट घालू नका, काही ओतू नका, फक्त ओठाच्या आतून कडेला लावा आणि डॉक्टरांना फोन करा. सकाळी अन्न टाकलं असेल तर पूर्ण डोस देण्याआधीच फोन करायचा.

‘आता जन्मभर सुई’ हेही प्रत्येक वेळी खरं नसतं. लवकर निदान, योग्य आहार आणि नेमकं इन्सुलिन मिळालं तर बऱ्याच मांजरांची गरज काही महिन्यांत संपते. ते कळतं घरच्या नोंदवहीतूनच: त्याच डोसवर आकडे दर आठवड्याला खाली सरकू लागतात, आणि तेव्हा डोस उतरवला नाही तर तेच औषध अंगावर येतं. सुई सुटल्यावरही महिन्यातून एक-दोनदा कान टोचून पाहावा. वजन पुन्हा वाढलं किंवा कुणी खाजेसाठी स्टेरॉइड दिलं, तर आजार परततो.