टोमॅटोच्या जागी वांगं नको

सकाळी साडेसहा. फेब्रुवारी सरत आला तरी गोमतीवरचा वारा बोचतो. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेच्या सिकंदरबागेतल्या बागेत एक फेरी मारायची आणि मगच कामाला लागायचं, हा माझा शिरस्ता. बोगनवेलीपुढे फोटो काढणाऱ्यांची गर्दी. ज्याचे फोटो निघतात ती रंगीत पानं. खरं फूल म्हणजे मधली इवलीशी पांढरट नळी. ती नीट पाहिली की बोगनवेल गुलबक्षीची भाऊबंद आहे, हे पटायला लागतं.

सव्वाआठ. गोमतीनगर, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची. दिवसाचं खरं काम इथे. टोमॅटो थकलेत आणि घरच्या बाईंना त्याच वाफ्यात वांगी हवीत. "दीदी, बैंगन लगा दें?" माळीचाचांच्या हातात रोपं तयार. मी आधी एक टोमॅटो मुळासकट उपटायला सांगितला. मूळच जागोजाग सुजून गाठाळलेलं: सूत्रकृमी. टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा एकाच कुळातले. इतके जवळचे, की वाराणसीच्या भारतीय भाजीपाला संशोधन संस्थेने कलम बांधून एकाच झाडावर वांगी आणि टोमॅटो घेऊन दाखवलेत. अशा सोयरिकीत रोगही वाटून घेतले जातात.

शेजारच्या कुंडीतला वाटाणा उपटला, तर त्याच्याही मुळांवर गाठी. चाचा दचकले. पण या गाठी मुळाला बाजूने चिकटलेल्या, नखाने सहज निघणाऱ्या. एक फोडली, आत गुलाबी. हे नत्र धरणाऱ्या जिवाणूंचं घर, शेंगवर्गीयांची खासियत. वाटाण्याचे वेल कापायचे, मुळं मातीत राहू द्यायची.

मग त्या वाफ्यात भेंडी लावू? तीही नको. कूळ वेगळं असलं तरी या कृमीला भेंडी चालते, काकडीही चालते. कूळ ओळखलं म्हणजे सगळं जिंकलं, असं समजणारे हौशी बागवान इथेच फसतात. वाफ्यात दाट झेंडू. त्याच्या मुळांपुढे या कृमीचं फारसं चालत नाही. वांगी नव्या मातीच्या कुंड्यांत. बाईंचा चेहरा उतरला, पण झेंडूला हो म्हणाल्या.

साडेअकरा. नरहीच्या बाजारात बियाणं. इकडची बोटाएवढी बारीक, लांब ककडी खिऱ्यापेक्षा खरबुजाला जवळची, खरं तर त्याच जातीतली. सतपुतियाचंही बी घेतलं. पूर्वांचल-बिहारकडची ही दोडक्याची बहीण घोसाने लागते. दोडका, दुधी, कारलं यांची नर-मादी फुलं वेगळी. हिच्या एकाच फुलात दोन्ही. ज्या गच्चीवर मधमाशा कमी, तिथे हीच लावते.

दोन. घरी. आमटीला कढीपत्ता तोडताना पानावर पक्ष्याची शीट दिसली. काडीने डिवचलं तर तिने लाल शिंगं काढली आणि उग्र वास सोडला. लिंबाच्या फुलपाखराची अळी. हीच लिंबावर, हीच बेलावर. तिन्ही झाडं एका कुळातली आणि ते तिला कुणी शिकवावं लागत नाही. पान उजेडासमोर धरलं की बारीक चमकते ठिपके दिसतात, तेलाच्या ग्रंथी. वास तिथलाच. अळीला राहू दिलं; झाड मोठं आहे, सोसेल.

चार. कुंड्यांच्या पाट्या लिहिणं. कंटाळवाणं काम. थिओडोर कुकच्या वनस्पतींवरच्या जुन्या ग्रंथात साग निर्गुडीच्या कुळात. आता दोघेही तुळशीच्या कुळात गेलेत. सावर भेंडी-जास्वंदीच्या घरात आली. वनस्पतीशास्त्रज्ञांचं त्यांच्यापाशी, गच्चीवर साग कोण लावतो? मी भाजीपुरतीच पाटी बदलते.

साडेपाच. पाणी घालताना चाचांनी पानसेटियाचं पान मोडलं. "दूध निघालं. म्हणजे हा, कण्हेर आणि वड एकाच खानदानातले ना?"

"नाही चाचा. पानसेटिया एरंडाकडचा, कण्हेर रुईकडची, वड तिसऱ्याच घरचा. दुधावर जाऊ नका, फूल बघा."

"आणि वडाचं फूल कुठे बघू? गूलर का फूल किसने देखा है?"

बिनतोड! वड-उंबराची फुलं फळाच्या आत दडलेली. उद्या येताना गूलरची दोन-चार कच्ची फळं घेऊन या, म्हटलं. चिरून दाखवते.