मीठ चाखलं काकूंनी

रोजा असला की स्वयंपाकात एकच अडचण. मीठ चाखायचं कुणी?

परवा इफ्तारला लेबनॉन-सीरियाकडे करतात तसा भाज्या घातलेला खिमा केला. तिकडे बीफ किंवा मेंढीचा खिमा घेतात. आम्ही मटणाचा घेतला. पसरट कढईत मोठ्या आचेवर त्याचं पाणी आटवलं, कांदा-लसूण, जिरेपूड आणि चिमूटभर दालचिनी घालून परतला. वांगी, सिमला मिरची, टोमॅटो वेगळ्या कढईत, ऑलिव्ह तेलात.

वेगळ्या, कारण शेजारच्या काकू शाकाहारी. वाटीभर भाजी त्यांना नेऊन दिली.

"मीठ कमी आहे गं."

घरी येऊन मीठ घातलं, भाजी खिम्यात मिसळली, वर लिंबू पिळलं. मगरिबची अजान झाली. खजुरानं रोजा सोडला, मग खिम्याचा पहिला घास घेतला.

मीठ अगदी बेताचं होतं.