मोत्याच्या लशी आणि माझी हिशेबाची वही

मैत्रिणींनो, दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला तर आपल्या लगेच लक्षात येतं. घासाघीस केल्याशिवाय आपण कोथिंबिरीची जुडीही पिशवीत टाकत नाही. पण घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, की त्याच्या दवाखान्याला वर्षाकाठी किती पैसे लागतील याचा हिशेब मांडून बसलेली बाई मी तरी पाहिलेली नाही. मीही मांडला नव्हता. त्याची शिक्षा भोगली, म्हणून हे सांगायला बसले आहे.

२०२४ सालच्या नारळी पौर्णिमेच्या सुमाराची गोष्ट. बाहेर धो धो पाऊस, आणि आमचे चिरंजीव शाळेतून आले ते दप्तर पोटाशी धरून. दप्तरातून दोन कान बाहेर! शाळेमागच्या बांधकामावर व्यालेल्या कुत्रीचं ते पिल्लू, जेमतेम सात आठवड्यांचं. मुलाने नाव ठेवलं ब्रूनो. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ‘मोत्या’ म्हणून हाक मारली, आणि पोळीचा तुकडा त्यांच्या हातात असल्यामुळे तेच नाव टिकलं. आमचे ‘हे’ म्हणाले, “राहू दे, पण आधी लसबिस टोचून आण.” म्हणायला सोपं हो! कोणत्या लशी, किती वेळा आणि केवढ्याला, हे घरात कुणाला ठाऊक होतं?

तीन दवाखाने, तीन दर

मी तीन ठिकाणी चौकशी केली. खालचे आकडे आमच्या गावचे आणि त्या वर्षाचे. तुमच्याकडे कमी-जास्त असतील, पण हिशेबाची रीत तीच.

घराजवळचा खासगी दवाखाना : तपासणीचे ४०० आणि एकत्र लशीचे ९००, म्हणजे एका खेपेला १,३०० रुपये. रेबीजची लस वेगळी, ३०० रुपयांना.

शहरातलं प्राण्यांचं धर्मादाय रुग्णालय : केसपेपरचे ५० आणि लशीचे ६५०. मी तर खूश झाले. पण रिक्षाचे जाऊन-येऊन २४० धरल्यावर खर्च गेला ९४० वर, शिवाय रांगेत अर्धा दिवस. ज्यांना असं रुग्णालय जवळ आहे, त्यांना मात्र ते वरदानच.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना : केसपेपरला नाममात्र पैसे. रेबीजची लस तिथे मिळते. एकत्र लस आमच्याकडच्या दवाखान्यात नसते, पण डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात. औषधाच्या दुकानातून ती बर्फात ठेवून आणली, की टोचून देतात. आपल्याला वाटतं, सरकारी दवाखाना म्हणजे गाई-म्हशींचा. तसं नाही हं! कुत्र्या-मांजरांनाही तिथे तपासतात.

तेव्हा दर विचारताना नुसता लशीचा विचारू नका. फी, केसपेपर, रिक्षा असा एका खेपेचा एकूण खर्च काढा आणि मग तुलना करा.

एकच लस तीनदा का?

‘सेव्हन इन वन’, ‘नाइन इन वन’ अशी नावं कानावर पडतात. या एकाच टोचणीत डिस्टेंपर, पार्व्हो, काविळीचा एक प्रकार आणि लेप्टो अशा रोगांची लस असते. लेप्टो म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा तोच रोग, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत ज्याची साथ आली होती. तो कुत्र्यालाही होतो आणि आपल्यालाही.

डॉक्टरांनी मोत्याच्या तारखा लिहून दिल्या : आठवा आठवडा, बारावा आणि सोळावा. मला वाटलं, एकाच लशीचे तीनदा पैसे घ्यायची ही युक्ती तर नसेल? आता कळतंय ते सांगते. पिल्लाला आईच्या चिकातून रोगाशी लढायचं बळ मिळतं. ते बळ अंगात आहे तोवर वरून टोचलेली लस नीट लागू पडत नाही. आणि ते नेमकं कधी ओसरेल, आठव्या आठवड्यात की पंधराव्या, हे नुसतं बघून सांगता येत नाही. म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी टोचत सोळाव्या आठवड्यापर्यंत जायचं. त्यातली शेवटची टोचणी सर्वांत महत्त्वाची.

आणि मी नेमकी तीच चुकवली.

वाचवलेले तेराशे रुपये

सोळावा आठवडा आला तो दिवाळीच्या तोंडावर. फराळाचं सामान, मुलांचे कपडे, मावशींचा बोनस. वही उघडली आणि मोत्याच्या नावापुढच्या १,३०० वर काट मारली. म्हटलं, दोन झाल्यात की! पुढच्या महिन्यात बघू.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्री मोत्या ओकायला लागला. सकाळी रक्ताची जुलाब. पार्व्हो. १९७८ च्या सुमारास हा रोग जगाला प्रथम कळला, आणि त्याचे विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने तग धरतात. आपल्या चपलांनासुद्धा चिकटून घरात येतात. पाच दिवस सलाईन लागलं. एकूण बिल १२,६०० रुपये. वाचवले होते १,३००!

मोत्या वाचला. त्याच कुत्रीचं दुसरं पिल्लू बांधकामावरच्या वॉचमनने पाळलं होतं. त्याला एकही लस नव्हती. त्यालाही याच आठवड्यात जुलाब लागले आणि ते दुसऱ्या दिवशी गेलं. आमचा मुलगा दवाखान्याच्या पायरीवर बसून होता. म्हणाला, “आई, एक इंजेक्शन केवढ्याचं होतं गं?” मला उत्तर देता आलं नाही.

मावशींचं शहाणपण

रेबीजची लस मात्र मोत्याला वेळेवर मिळाली होती, पण त्याचं श्रेय माझं नव्हे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या वस्तीत काळू नावाचा कुत्रा आहे. त्या म्हणाल्या, “वहिनी, २८ सप्टेंबरला दवाखान्यात फुकट टोचतात. मी काळूला नेतेय, तुम्ही मोत्याला आणा.” २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, म्हणजे लुई पाश्चरची पुण्यतिथी. ६ जुलै हा दुसरा दिवस लक्षात ठेवा. १८८५ साली याच दिवशी पाश्चरने पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका मुलाला पहिल्यांदा लस टोचली. या दोन्ही दिवशी बऱ्याच ठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरं असतात.

मी मावशींना विचारलं, “तुम्हाला बरं सुचलं?” तर म्हणाल्या, “काळूसाठी कुठलं? तो पोरांच्यात लोळतो दिवसभर. पोरांसाठी नेते.”

यावर काय बोलणार? रेबीजची लक्षणं एकदा दिसली की मग माणसाला वाचवणं जवळजवळ अशक्य. आपल्या लहानपणी बेंबीभोवतीच्या १४ इंजेक्शनांचा केवढा धाक होता! आता ती इतिहासजमा झाली आहेत. आता दंडात किंवा कातडीत थोड्याच टोचण्या घ्याव्या लागतात, आणि सरकारी रुग्णालयात त्या मोफत मिळतात. कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि तडक रुग्णालय गाठायचं. हळद नको, चुना नको, तिखट तर नकोच नको. शेजारच्या गोव्यात वर्षानुवर्षं हजारो कुत्र्यांना लस टोचली गेली, आणि २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं.

वर्षाचा हिशेब

मोत्या आता मोठा झाला. वजन १० किलो. त्याचं वर्षाचं पान असं :

रेबीजची लस : ३०० रुपये
एकत्र लस : ९०० रुपये
तपासणीची फी (दोन्ही लशी एकाच खेपेत) : ४०० रुपये
जंताच्या गोळ्या, दर तीन महिन्यांनी : १८० रुपये
गोचिडांचं मानेवर टाकायचं औषध, आठ महिने, दरमहा ३५० : २,८०० रुपये

एकूण ४,५८० रुपये. म्हणजे महिन्याला चारशेच्या आत.

यातली गंमत पाहिलीत? आपण घासाघीस करतो लशीवर, आणि लशी आहेत जेमतेम पाव हिस्सा. खरा पैसा जातो गोचिडांवर. आणखी एक. लशीचा डोस लहान-मोठ्या कुत्र्याला सारखाच असतो. जंताची गोळी आणि गोचिडांचं औषध मात्र वजनावर ठरतं. ३० किलोचा लॅब्रॅडोर आणलात, तर जंताच्या गोळ्याच तिप्पट लागणार. कुत्रं निवडतानाच हे ध्यानात घ्या.

कुठे हात आखडावा, कुठे नाही

रेबीजची लस सरकारी दवाखान्यात किंवा शिबिरात खुशाल घ्या. ती खासगीपेक्षा कमी प्रतीची नसते. पुणे, मुंबईसारख्या शहरांत महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढताना रेबीजच्या लशीचा दाखला मागतात, तेव्हा तो मात्र मागून घ्या आणि जपून ठेवा.

डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, “यातली कोणती लस दरवर्षी लागते?” रेबीज आणि लेप्टोची आपल्याकडे दरवर्षी घ्यावी. पण पहिल्या वर्षाचा बूस्टर झाल्यावर डिस्टेंपर-पार्व्होची लस तीन वर्षांनी घेतली तरी चालते, असं पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेचं मत आहे. कुत्र्यांच्या ‘कोरोना’ लशीची ही संघटना शिफारस करत नाही. हा आपल्या साथीतला कोरोना नव्हे बरं का! विचारण्यात कमीपणा नाही, चांगले डॉक्टर नीट समजावून सांगतात.

लस २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवावी लागते. म्हणून कोणी पिशवीतून आणलेली स्वस्त लस दारात टोचून देत असेल, तर हात जोडा. कुपी समोर फोडलेली बघा. तिच्यावरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या.

आपल्या अंगदुखीच्या, तापाच्या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नका. आयब्युप्रोफेन तर त्याला विषच. गोठ्यातलं गुरांचं गोचिडाचं औषधही अंदाजाने लावू नका.

आणि मैत्रिणींनो, मुलगा दप्तरातून पिल्लू घेऊन आला, तर त्याला रागावू नका. त्याच्यासमोर वही उघडा आणि हे आकडे त्यालाच मांडायला सांगा. महिन्याला चारशे रुपये डब्यात पडणार असतील, तर पिल्लू खुशाल ठेवून घ्या. आमच्या फ्रिजवर आता मोत्याचं कार्ड लावलंय. तारखा आमचे चिरंजीव स्वतः लाल पेनाने लिहितात, आणि त्यांवर काट मारायची मला परवानगी नाही.

कापून कपाटाच्या दाराला लावा

६ ते ८ आठवडे : पहिली एकत्र लस, जंताचं औषध
नंतर दर ३-४ आठवड्यांनी : एकत्र लस. शेवटची सोळाव्या आठवड्यात किंवा नंतर, चुकवू नये
१२ आठवडे : रेबीज. बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा
सहा महिन्यांपर्यंत : दरमहा जंताचं औषध, पुढे दर तीन महिन्यांनी
लशी पूर्ण होईपर्यंत : पिल्लाला रस्त्यावर, बागेत सोडू नये
दरवर्षी : रेबीज आणि लेप्टो. बाकीच्या डॉक्टरांना विचारून