सापळा की कुंपण?

रानातला एखादा दुबळा जीव वाचवायचा, तर त्याला खाणाऱ्या जनावराला सापळा लावावा की नाही? प्रश्न वरवर सोपा दिसतो. दुबळ्याची बाजू घेणे आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांच्या अंगवळणी पडले आहे. त्यामुळे "लावा सापळा" असे आम्ही चटकन म्हणून बसू. परंतु निसर्गाच्या दरबारात फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, हे ठरविण्यापूर्वी थोडी चौकशी करावी लागते. ती दोन ठिकाणी जाऊन करू. एक ठिकाण सातासमुद्रापलीकडचे न्यूझीलंड, दुसरे आपल्या घाटाखालच्या कोकणातले वेळास.

न्यूझीलंडच्या बेटांवर माणूस पोचण्यापूर्वी वटवाघळे सोडली, तर जमिनीवर राहणारा एकही सस्तन प्राणी नव्हता. त्यामुळे किवीसारखे पक्षी उडणेच विसरले. पुढे माणसांच्या नावांतून उंदीर आले. लोकरीसारख्या मऊ कातड्याच्या धंद्यासाठी ऑस्ट्रेलियातून पॉसम आणले. आणून सोडलेले ससे कुरणे फस्त करू लागले, तेव्हा १८८० नंतरच्या दशकात सशांवर उतारा म्हणून स्टोट नावाचा, मुंगसासारखा चपळ प्राणी आणला. हा उतारा रोगापेक्षा भारी ठरला. जमिनीवर घरटी करणारे पक्षी त्याला आयतेच सापडले. २०१६ साली तेथील सरकारने संकल्प सोडला, की २०५० पर्यंत उंदीर, स्टोट आणि पॉसम देशातून नाहीसे करायचे. या कामात सामान्य नागरिकही आहेत. लोक आपल्या परसात सापळा ठेवतात, तो नियमाने तपासतात आणि काय सापडले त्याची नोंद करतात. तेथे सापळ्याला न्याय आहे. कारण शिकारी माणसानेच आणून सोडलेला आहे.

आता वेळासकडे वळू. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले हे गाव, नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून पुष्कळांना माहीत असेल. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्गमित्र' या संस्थेची, म्हणजे भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, समुद्री गरुडांची पाहणी चालू होती. त्या पाहणीत त्यांना वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. ती ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवाची होती. या कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, दीड फूट खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. ती परत येत नाही. पुढचे दीड-दोन महिने अंड्यांना फक्त वाळूची ऊब. तेवढ्यात कोल्हा, कुत्रा, रानडुक्कर, घोरपड यांपैकी कोणीतरी वास काढीत येतो. त्यांच्या जोडीला माणूसही होता. अंडी उकरून खाणारा आणि विकणारा.

यावर गावाने केले ते असे. पहाटे अंधारात किनाऱ्यावर गस्त घालायची. मादीचा माग दिसला की घरटे शोधायचे. अंडी हलक्या हाताने काढायची. त्यांची वरची बाजू खाली होता कामा नये, कारण काही तासांतच आतला गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडे फिरले तर तो दगावतो. मग कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ती पुरायची आणि वर तारखेची पाटी लावायची. पिल्ले वर आली की त्यांना किनाऱ्यावर सोडायचे. समुद्रापर्यंत ती आपली आपण चालत जातात. पहिल्याच हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्ले समुद्रात गेली. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांचेच जेवण जेवतात आणि चार पैसे गावात राहतात.

येथे कोणी सापळा लावला नाही, हे ध्यानात घ्या. कोल्हा कोणी जहाजातून आणलेला नाही. तो आपल्याइतकाच या मातीतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य प्राणी सापळ्यात किंवा फाशात धरणे हीसुद्धा शिकारच ठरविली आहे. म्हणून येथे उपाय कुंपणाचा. कोल्ह्याने खेकडे खावे, उंदीर खावे. एवढी अंडी तेवढी सोडावी.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. त्याला माणसानेच पाळला आणि माणसानेच मोकाट सोडला. त्याची संख्या वाढते ती आपल्या उकिरड्यावर आणि बाजारात फेकलेल्या घाणीवर. २०२३ च्या नियमांप्रमाणे त्याला मारता येत नाही. नसबंदी आणि लसीकरण करावे लागते. पण उकिरडा झाकायला कोणत्या नियमाची वाट पाहायची?

आता मजुरीचा मुद्दा; तो सोडला तर आम्ही आमच्या धंद्याला बेइमान होऊ. जो अंडी उकरीत होता त्याच्याइतका किनारा कोणालाच ठाऊक नसतो. त्याला चोर म्हणून हाकलले, तर तो रात्री येईल. पहारेकरी म्हणून नेमला, तर पहाटे येईल. वनखात्याकडून कासवमित्रांना मानधन मिळते, ही चांगली गोष्ट आहे. मात्र महिनोन्‌महिने अंधारात मैलोगणती चालणे ही हौस नव्हे, काम आहे. कामाचा मोबदला पुरेसा असावा आणि वेळेवर मिळावा. सेवाभावाच्या नावाखाली गरिबाची पहाट फुकट घेणे आम्हाला मान्य नाही.

आपल्या चंदगडला समुद्र नाही, पण रान आहे. २०२१ साली येथील सुमारे २२५ चौरस किलोमीटर वनक्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले. रानाच्या कडेच्या वाड्यांत मोकाट कुत्री आहेत. डुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशाला नाव विचारता येत नाही. त्यात सांबर अडकते आणि बिबट्याही. तेव्हा आपले काम सापळे लावण्याचे नाही, लावलेले काढण्याचे आहे. वनरक्षकाला बरोबर घेऊन बांध आणि पाणवठे धुंडाळावे, फासे काढावे, कुत्र्यांना लस टोचून घ्यावी, उकिरडे झाकावे. मात्र डुकराने ज्याचे भात लोळविले, त्या शेतकऱ्याची भरपाई आधी हातात पडली पाहिजे. नाहीतर काढलेला फास आठवड्यात पुन्हा लागेल.

हे केवळ आपल्यापुरते राहत नाही. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली. तिकडच्या माणसांनी तिला जपले, म्हणून ती इकडे पोचली. इकडच्यांनी तिची अंडी राखली, तर तिची पिल्ले कोणत्या किनाऱ्याला लागतील ते कोणी सांगावे? एका गिरणीच्या दारावरचा पहारा दुसऱ्या गावच्या कामगाराच्या उपयोगी पडतो, हे आम्ही चळवळीत पाहिले आहे. रानातही हिशेब तोच आहे.